अंगठी, मुद्रा आणि मर्यादा : अधिकार व निष्ठेच्या एका प्राचीन चिन्हाचा परिचय

बोटात घालावयाचे धातूचे लहानसे वळे म्हणजे अंगठी. संस्कृत भाषेत तिला अंगुलीयक असे म्हणतात आणि मुद्रिका असेही म्हणतात. पहिला शब्द तिची जागा सांगतो, दुसरा तिचे कार्य. मुद्रा म्हणजे ठसा. ज्या काळी फार थोड्यांना लिहिता येत होते, त्या काळी माणसाची सही त्याच्या बोटातच असे. अंगठीवर कोरलेले नाव किंवा चिन्ह मातीवर अथवा लाखेवर दाबले की तो शब्द त्या माणसाचा ठरे. म्हणून अंगठी दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपला शब्द त्याच्या स्वाधीन करणे होय. देणाऱ्याकडून पाहिले तर ती अधिकाराची खूण आहे. घेणाऱ्याकडून पाहिले तर निष्ठेची. हे दोन अर्थ इतिहासात, वाङ्मयात आणि ख्रिस्तसभेच्या जीवनात कसे एकत्र राहिले व कधी कसे दुरावले, याचा थोडक्यात आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ताम्रपटाची कडी

आपल्या कोल्हापूर परिसराचा इतिहास सांगणाऱ्या साधनांमध्ये शिलाहार राजांच्या ताम्रपटांना मोठे स्थान आहे. शिलाहारांची एक शाखा दहाव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोल्हापूर, मिरज व पन्हाळा या भागावर राज्य करीत होती. हे राजे आपल्याला श्रीमहालक्ष्मीच्या वराचा प्रसाद लाभल्याचे अभिमानाने लिहीत. त्यांच्या ध्वजावर व मुद्रेवर गरुड असे. गंडरादित्य हा या घराण्यातील एक थोर राजा होय. त्याने एक मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध व जिन यांची देवस्थाने उभारून त्यांना जमिनी दिल्या, अशी नोंद त्याच्या बाराव्या शतकातील ताम्रपटात आढळते.

या ताम्रपटांची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. जमिनीच्या दानाचा मजकूर तांब्याच्या दोन-तीन पत्र्यांवर कोरीत. पत्र्यांना भोक पाडून त्यांतून तांब्याची एक जाड कडी ओवीत आणि कडीची दोन्ही टोके राजमुद्रेच्या बुडाशी घट्ट जोडून टाकीत. कडी न तोडता एखादा पत्रा काढणे किंवा नवा घुसवणे शक्य नसे. दान घेणाऱ्याच्या घरी हा पट पिढ्यान्पिढ्या राही. राजा गेला, घराणे बुडाले, तरी ती कडी अखंड असेपर्यंत दिलेला शब्द अबाधित आहे असे मानले जाई. राजाच्या बोटात न मावणारी ही अंगठी त्याच्याच शब्दाला बांधून ठेवणारी होती.

शिक्का आणि मोर्तब

मराठेशाहीत अंगठीची जागा प्रामुख्याने हातशिक्क्याने घेतली. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा सर्वांना ठाऊक आहे. शहाजीराजे व जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या. पुत्राची मुद्रा मात्र संस्कृतात कोरली गेली. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी आणि जगाने वंदिलेली ही शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय आहे. दिनांक २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावर ही मुद्रा दिसते. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिल्याचा उल्लेख त्या पत्रात आहे. शिक्षा आजच्या मापाने कठोर वाटेल. परंतु मुद्रेतील लोककल्याणाची भाषा गावच्या अधिकाऱ्यालाही लागू होती, एवढे त्यातून स्पष्ट होते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाने जो नवा ध्वज स्वीकारला, त्यावरील अष्टकोनामागे याच मुद्रेची प्रेरणा आहे.

महाराजांच्या पत्रावर आणखी एक मुद्रा असे. मोठा शिक्का मजकुराच्या आरंभी उमटवीत आणि मजकूर संपताच त्याखाली एक लहान मुद्रा उठवीत. येथे मर्यादा शोभते, असा तिचा अर्थ. तिला मोर्तब म्हणत. तिच्यापुढे कोणी एक ओळही वाढवू नये, हा तिचा व्यावहारिक हेतू होता. आज आपण ‘शिक्कामोर्तब झाले’ असे सहज म्हणतो, तेव्हा या जोडशब्दाच्या पूर्वार्धात अधिकार आणि उत्तरार्धात त्या अधिकाराची सीमा आहे, हे क्वचितच ध्यानात येते.

राज्यातील प्रधानांचे शिक्के निष्ठेची भाषा बोलत. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई आणि त्यांच्या कृपेने हर्षित झालेला सेवक म्हणून नंतर पेशव्याचे. नवा पेशवा साताऱ्याहून वस्त्रे व शिक्के-कट्यार मिळाल्यावरच अधिकारावर येई. ही रीत अखेरपर्यंत टिकली. मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्याचा सारा कारभार पुण्यात आणि छत्रपती साताऱ्याच्या किल्ल्यात, अशी अवस्था होती. शिक्क्यातील अक्षरे बदलली नाहीत. त्यामागचा व्यवहार बदलला. चिन्ह जिवंत राहून निष्ठा क्षीण होऊ शकते, याचे हे आपल्याच इतिहासातील उदाहरण आहे.

याउलट उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासात आहे. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराजांना दूर जिंजीस जावे लागले. त्या वेळी महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्य यांच्यावर सोपवून त्यांना ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देण्यात आला. राजा शेकडो कोस दूर, समोर औरंगजेबाची फौज, आणि हाती जवळजवळ राजाइतकी सत्ता. अशा स्थितीत पंतांनी ती सत्ता ठेव म्हणून सांभाळली. पुढे ते कोल्हापूरच्या गादीशी जोडले गेले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात राज्यसत्ता ही जबाबदारी आहे, हा विचार पुनःपुन्हा येतो.

गावपातळीवरही ठशाची ही परंपरा होती. महजरावर म्हणजे न्यायनिवाड्याच्या कागदावर पाटील नांगराची निशाणी करी, इतर बलुतेदार आपापल्या अवजाराची आणि स्त्री बांगडीची. सोन्याची मुद्रिका ज्याच्या वाट्याला आली नाही, त्याच्या शब्दालाही पंचांसमोर मोल होते.

वाङ्मयातील मुद्रिका

वाल्मीकी रामायणात श्रीराम आपले नाव कोरलेली अंगठी हनुमंताच्या हाती देतो. अनोळखी दूतावर सीतेने विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. सीताही त्याला रिकाम्या हाती परत पाठवीत नाही. ती आपला चूडामणी देते. निष्ठा दोन्ही बाजूंनी असते, हे या देवघेवीतून कळते.

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकात अंगठी हरवते आणि तिच्याबरोबर राजाची स्मृतीही जाते. महाभारतातील मूळ कथेत अंगठी नाही. ती कालिदासाची योजना होय. ज्या गरीब कोळ्याला ती माशाच्या पोटात सापडते, त्याला राजाचे शिपाई चोर समजून बांधून आणतात. राजाची वस्तू राजाच्या हातून निसटली की तिचा त्रास प्रथम दुबळ्यांना होतो, हे कालिदासाने नेमके टिपले आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि ही कथा महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली.

विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे नाटक तर एका अंगठीवरच उभे आहे. नंद राजाचा अमात्य राक्षस याची नाममुद्रा चाणक्याच्या हाती लागते. तिचा ठसा उमटवून चाणक्य एक बनावट पत्र तयार करवितो आणि त्या पत्राने राक्षसाचे मित्र त्याच्यावर संशय घेऊ लागतात. खरी मुद्रा खोट्या शब्दावर बसली की काय अनर्थ होतो, हे येथे दिसते. परंतु नाटकाचा शेवट मुद्रेने होत नाही. राक्षसाच्या कुटुंबाला आश्रय देणारा चंदनदास मित्राचा ठावठिकाणा सांगण्याऐवजी सुळावर जावयास तयार होतो. त्याला वाचविण्यासाठी राक्षस स्वतः पुढे येतो. अंगठीची नक्कल होते, माणसाच्या निष्ठेची नक्कल होत नाही, हेच नाटककाराला सांगावयाचे असावे.

पवित्र शास्त्रातील अंगठी

उत्पत्तीच्या पुस्तकात फारो आपल्या हातातील मुद्रिका काढून योसेफाच्या हातात घालतो (उत्पत्ती ४१). कालपर्यंत बंदिवान असलेल्या परदेशी तरुणाला धान्याच्या कोठारांचा अधिकार मिळतो आणि तो त्या अधिकाराने दुष्काळात लोकांना जगवितो.

एस्तेरच्या पुस्तकात हेच चिन्ह भयंकर होते. राजा अहश्वेरोश विचार न करता आपली अंगठी हामानाला देतो आणि हामान तिच्या ठशाने एका संपूर्ण समाजाच्या संहाराचा हुकूम काढतो. पुढे तीच अंगठी मर्दखयाच्या हाती येते. पण राजमुद्रेने काढलेला हुकूम मागे घेता येत नाही, म्हणून लोकांना स्वसंरक्षणाची मुभा देणारा दुसरा हुकूम काढावा लागतो. अंगठी स्वतः भलेबुरे जाणत नाही. ती ज्याच्या बोटात जाते, त्याच्या अंतःकरणाचा ठसा उमटविते. आणि तो ठसा पुसणे नेहमी शक्य नसते.

संदेष्ट्यांनी ही उपमा देवाच्या तोंडी घातली आहे. यिर्मयाच्या २२ व्या अध्यायात परमेश्वर यहूदाच्या राजाला बजावतो की तू माझ्या उजव्या हातातील मुद्रिका असतास तरी मी तुला उपटून फेकले असते. हाग्गयाच्या शेवटच्या वचनात मात्र तोच परमेश्वर जरुब्बाबेलाला मुद्रिकेप्रमाणे करीन असे अभिवचन देतो. येथे राजा अंगठीचा धनी नाही. तो स्वतःच देवाच्या हातातील अंगठी आहे.

शुभवर्तमानातील अंगठी सर्वांत हृदयस्पर्शी आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) बाप परतलेल्या मुलाच्या बोटात अंगठी घालावयास सांगतो. चाकर म्हणून तरी ठेवा, अशी विनवणी मनात घेऊन आलेल्या मुलाला घरातील अधिकार परत मिळतो; तोही निष्ठेचा कोणताही पुरावा मागण्याआधी.

बिशपांची अंगठी आणि तिच्यासाठी झालेला संघर्ष

बिशपांच्या दीक्षाविधीत त्यांना शुभवर्तमानाचा ग्रंथ, अंगठी, मुकुट आणि मेंढपाळाचा दंड दिला जातो. अंगठी ही ख्रिस्तसभेशी असलेल्या एकनिष्ठेची मोहोर मानली जाते. पती जसा पत्नीशी, तसे बिशप आपल्या धर्मप्रांताशी बांधलेले असतात. ही रीत प्राचीन आहे. ६३३ साली स्पेनमधील तोलेदो येथे भरलेल्या चौथ्या धर्मसभेने, अन्यायाने पदच्युत झालेल्या बिशपांना अधिकारावर परत घेताना त्यांची अंगठी व दंड परत द्यावा, असे ठरविले होते.

ही अंगठी कोणी द्यावयाची, यावरून मध्ययुगात युरोप हादरला. सम्राट व राजे आपल्या मर्जीतील माणसाला बिशप नेमून त्याला स्वहस्ते अंगठी व दंड देत. बिशपांकडे जमिनी व जहागिरी असल्याने तो आपलाच हक्क आहे, असे ते मानीत. पोप सातवे ग्रेगरी यांनी याला विरोध केला. १०७७ च्या जानेवारीत चौथा हेन्री कनोसा येथे बर्फात क्षमायाचना करीत उभा राहिला, ही घटना याच वादातील होय. अखेर १२२२ च्या बरोबर शंभर वर्षे आधी, म्हणजे ११२२ साली, वर्म्स येथे पोप दुसरे कॅलिक्स्टस व सम्राट पाचवा हेन्री यांच्यात करार झाला. अंगठी व दंड देण्याचा हक्क सम्राटाने सोडला. ऐहिक मालमत्तेसाठी राजदंडाने मान्यता देणे त्याच्याकडे राहिले. आत्मिक अधिकार राजाच्या खजिन्यातून येत नाही, हे तत्त्व एका लहानशा वळ्याच्या निमित्ताने मान्य झाले.

या वादाची छाया आपल्या भूमीवरही पडली. गोव्यातील दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो रोमला जाऊन शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७ साली त्यांना बिशपपदाची दीक्षा देऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे प्रेषितीय प्रतिनिधी नेमण्यात आले. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप. त्या वेळी पन्हाळा व कोल्हापूर हा प्रदेशही आदिलशाहीतच होता. शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला तो १६५९ साली. आपल्या राजाच्या संमतीवाचून पूर्वेकडे बिशप नेमला जाऊ नये, हा पोर्तुगीजांचा आग्रह होता. गोव्यातील अधिकाऱ्यांनी मातेउस यांचा अधिकार मान्य केला नाही. ते गोव्याच्या सीमेबाहेर, आदिलशाही हद्दीतील डिचोली येथे राहिले आणि तेथे त्यांनी स्थानिक तरुणांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. त्यांच्या स्वभावात तिखटपणा होता आणि त्यांचे अनेकांशी खटके उडाले, हेही इतिहास सांगतो. तरीही एका भारतीयाच्या बोटातील अंगठी त्याच्याच जन्मभूमीत नाकारली गेली, ही वस्तुस्थिती विसरता येत नाही. पहिले भारतीय कार्डिनल म्हणून १९५३ साली मुंबईच्या व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या नावावर मोहोर उमटली, तेव्हा या घटनेला तीन शतके उलटून गेली होती.

मच्छीमाराची अंगठी

पोप महोदयांच्या अंगठीला मच्छीमाराची अंगठी म्हणतात, कारण तिच्यावर जाळे टाकणाऱ्या संत पेत्राची आकृती कोरण्याची प्रथा आहे. पोप चौथे क्लेमेंट यांच्या १२६५ च्या एका पत्रात तिचा उल्लेख येतो. तिने पोपांची खाजगी पत्रे व पुढे काही अधिकृत पत्रे मोहोरबंद केली जात. १८४२ पासून लाखेऐवजी तांबड्या शाईचा ठसा वापरात आला आणि अंगठीचे ते काम संपले.

या अंगठीबाबतचा सर्वांत बोधप्रद नियम तिच्या शेवटाचा आहे. पोपांचे निधन होताच ती निकामी केली जाते, म्हणजे मृताच्या नावाने कोणी खोटा कागद करू नये. २०१३ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी पदत्याग केला, तेव्हा त्यांच्या अंगठीवर क्रूसाच्या आकाराच्या खोल रेषा ओढण्यात आल्या. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी प्रभूच्या घरी गेले. त्यांची अंगठी ६ मे रोजी कार्डिनलांच्या सभेत निकामी करण्यात आली. १८ मे रोजी पोप चौदावे लिओ यांच्या बोटात नवी अंगठी घालण्यात आली. पद अखंड चालते, पण अंगठी एका माणसाबरोबर संपते. येथेही ती मोर्तबाची लहान मुद्रा आठवल्यावाचून राहत नाही.

अंगठी अधिकाराने देता येते तशी प्रेमानेही देता येते. २४ मार्च १९६६ रोजी रोममध्ये पोप सहावे पॉल यांनी आपल्या हातातील बिशपपदाची अंगठी काढून अँग्लिकन पंथाचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांच्या बोटात घातली. चार शतकांच्या दुराव्यानंतर इतके मोठे वाक्य कोणत्याही जाहीरनाम्यात लिहिले गेले नव्हते.

विवाह आणि व्रत

सामान्य भाविकांच्या परिचयाची अंगठी विवाहाची. प्राचीन रोममध्ये वाग्दत्त वधूस साधी लोखंडी अंगठी पाठवीत, असे प्लिनी नोंदवितो. ख्रिस्ती विवाहविधीत वधूवर परस्परांच्या बोटात अंगठी घालतात व ती प्रेमाची आणि निष्ठेची खूण म्हणून स्वीकारतात. आपल्याकडे अनेक घराण्यांत तिच्याबरोबर मंगळसूत्रही आशीर्वादित केले जाते आणि साखरपुड्यात अंगठीला मान असतो. अनेक धर्मभगिनी आजन्म व्रते घेताना अंगठी धारण करतात. या अंगठ्यांनी कोणताही हुकूम निघत नाही. त्यांतून अधिकाराचा अंश गळून गेला आहे आणि शब्द पाळण्याचा अंश शिल्लक राहिला आहे.

कल्पित कथांतील अंगठी

कल्पनेच्या प्रांतात अंगठी माणसाची परीक्षा घेते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात लिडियातील एका मेंढपाळाची कथा आहे. त्याला सापडलेल्या अंगठीचा खडा आत फिरविला की तो अदृश्य होई. त्या बळावर त्याने राणीला वश केले, राजाला मारले आणि राज्य घेतले. कोणी पाहत नसताना माणूस न्यायाने वागेल काय, हा तेथील प्रश्न आहे. अधिकारपदावरील प्रत्येकाच्या कपाटात कागदांच्या रूपाने अशी एक अंगठी असतेच.

विसाव्या शतकात या कल्पनेला सर्वाधिक वाचक मिळवून दिले ते जे. आर. आर. टोल्कीन यांनी. बारा वर्षांच्या वयात मातृछत्र हरपल्यावर कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्यांचे पालकत्व सांभाळले. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कथा, तिच्यात देवळे व प्रार्थना फारशा नसूनही, मूलतः धार्मिक व कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली एका जेज्वीट मित्रास लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. २००१ ते २००३ या काळात निघालेल्या चित्रपटांमुळे ती आपल्या तरुणांनाही परिचित झाली.

कथेतील मुख्य अंगठी इतरांच्या इच्छेवर सत्ता चालविण्यासाठी घडविलेली आहे. विशेष असे की दुष्टांना ती हवी असते यात नवल नाही, पण सज्जनांना तिचा मोह अधिक धोक्याचा ठरतो. गॅन्डाल्फ ती घेण्यास नकार देतो, कारण तिने भले करावयास गेलो तरी मी जुलमी होईन, हे तो जाणतो. बोरोमीर आपल्या नगराच्या रक्षणासाठी ती मागतो आणि मित्रावर हात उचलतो. शेवटी ती वाहून नेणारा फ्रोडोदेखील तिला अग्नीत टाकू शकत नाही. पूर्वी ज्या हीन जीवावर त्याने दया केली होती, त्याच्याच हातून तिचा नाश घडतो. टोल्कीन यांनी या नाशाची तारीख २५ मार्च ठरविली आहे. ख्रिस्तसभेत तो पवित्र मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाचा सण होय. आणि अंगठीच्या या कथेत निष्ठेचे खरे प्रतीक कोण, तर सॅम हा माळी. तो थोडा वेळ अंगठी सांभाळतो आणि आपल्या धन्याला परत करतो.

समारोप

ताम्रपटाची कडी, राजमुद्रा, फारोची मुद्रिका, बिशपांची अंगठी आणि कथेतील जादूची अंगठी या सर्वांत एक समान सूत्र दिसते. अंगठी ही सोपविलेली वस्तू आहे. योसेफाने व रामचंद्रपंतांनी ती ठेव म्हणून सांभाळली, हामानाने मालकीची मानली. फरक धातूत नव्हता.

आज आपल्या बोटांत राजमुद्रा नाहीत. पण धर्मग्रामाच्या समितीचा शिक्का, शाळेच्या मुख्याध्यापकांची सही, पतसंस्थेच्या संचालकाचा अधिकार, ग्रामपंचायतीचा ठराव या आजच्या मुद्रिकाच आहेत. त्यांच्या बळावर एखाद्या गरिबाचा दाखला अडतो किंवा मिळतो, एखाद्या मुलाचा प्रवेश होतो किंवा राहतो. धर्मगुरूही या कसोटीतून सुटलेले नाहीत. सही करण्यापूर्वी हा अधिकार आपल्याला कोणी व कोणासाठी दिला, आणि तो कोठे संपतो, असे दोन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. शिक्का सर्वांनाच हवा असतो. मोर्तबाची मर्यादा पाळण्याची कृपा प्रभूने आपणा सर्वांना द्यावी.